अशी मोटार नसते

आमच्या सरांसमोर 'वेगानं' हा शब्द जपून वापरावा लागे. कुणी म्हणालं, "सर, बस फार वेगानं गेली," की सर थांबत, चष्मा कपाळावर चढवत आणि विचारत, "कोणत्या दिशेनं?" दिशा सांगता आली नाही तर ती बस वेगानं गेलेलीच नसे, नुसत्या चालीनं गेलेली असे. वेगाला दिशा असते, चालीला नसते, हे शाळेच्या पुस्तकात सगळ्यांनीच वाचलेलं असतं. पण वाचलेलं घरीदारी, बाजारात आणि मसणातसुद्धा पाळणारा माणूस मी एकच पाहिला. शेजारच्या एका म्हाताऱ्याच्या मयतीत कुणीतरी म्हणालं, "जरा वेगानं चला, ऊन चढून राहिलं." तेव्हाही सरांनी मान वळवून त्या माणसाकडे पाहिलं होतं. बोलले मात्र नाहीत. मेलेल्या माणसाचा तेवढा मान त्यांनी राखला.

असे किस्से सांगितले की लोक हसतात. मीही हसतच सुरुवात करतो. पण सरांची गोष्ट हसण्यावर संपत नाही, आणि ती तशी ओढूनताणून संपवणं मला आजवर जमलेलं नाही.

सर नागपुरातल्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत आणि सकाळी घरी शिकवणी घेत. घर इतवारीच्या पलीकडे, विणकरांच्या वस्तीत. त्यांच्या आजोबांचा हातमाग होता, वडिलांचाही होता. सर शिकले आणि त्या घरातला माग थांबला. मागाची जी खोली रिकामी झाली तिच्यातच आमची शिकवणी भरे. विणणाऱ्याचे पाय सोडायचा खड्डा बुजवलेला होता, पण तिथली जमीन दर पावसाळ्यात थोडी खचे, आणि त्या खोलगट जागेत जो बसे त्याला अर्धाच फळा दिसे. फळा म्हणजे काळा रंग दिलेलं एक जुनं दार. आजूबाजूच्या घरांत माग चालू असत. त्या खटखटीत सर आवाज जराही न चढवता शिकवत आणि आम्ही कान टवकारून ऐकत असू. पेपर इंग्रजीत असे, समजावणं मराठीत. शिकवताना ते अगदी छापील बोलत. राग आला किंवा आनंद झाला, की मात्र थेट घरच्या बोलीवर येत. त्यामुळे सरांच्या तोंडून 'का'ऐवजी 'काहून' निघालं, की सगळी शिकवणी सावध होई.

उन्हाळ्यात विहिरींचं पाणी तळाला गेलं की वस्तीतल्या बाया सरांना बोलवायला येत. नवा दोर किती लांबीचा आणायचा, हा प्रश्न असे. सर काठावर उभे राहून खडा सोडत, डोळे मिटून मनात मोजत आणि पाण्याचा आवाज आला की दोराचं माप सांगत. दोर पुरत असे. एकदा पुरला नाही. ती बाई भांडायला दारात आली. सर निमूट तिच्याबरोबर गेले, पुन्हा खडा टाकला, कान देऊन ऐकला आणि म्हणाले, "बाई, खडा मधात कपारीले लागून राहिला. तो आवाज कपारीचा अन् मी पाण्याचा धरला." चूक आपली, असं म्हणून त्यांनी घरचा दोर काढून तिच्या दोराला जोडून दिला. सरांच्या बायको, म्हणजे आमच्या काकू, त्यानंतर आठवडाभर शेजारून पाणी आणत होत्या आणि येता-जाता सरांचा उद्धार करत होत्या. सर म्हणत, खड्यानं आपलं काम चोख केलं, मग आपण काहून खोटं बोलायचं?

हेच त्यांचं शिकवणं होतं. गणित सोडवायच्या आधी ते गणित खरं आहे का ते पाहायचं. त्यासाठी त्यांची स्वतःची एक रीत होती. त्वरण एकसारखं असलं, म्हणजे गाडीचा वेग दर सेकंदाला सारख्याच मापानं वाढत किंवा कमी होत असला, तर सरासरी वेग हा सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाच्या बरोबर मधला असतो. सूत्रांना हात लावायच्या आधी तो मधला वेग काढायचा, त्याला वेळेनं गुणायचं, आणि गणितातली गाडी सांगितलेल्या जागी खरंच पोचते का ते बघायचं. पोचत नसली तर पेन खाली ठेवायचं. सर याला 'गाडी चालवून पाहणं' म्हणत. परीक्षेच्या घाईत कोण गाड्या चालवून पाहणार? आम्ही त्यांच्यापुरतं करत असू आणि घरी गेल्यावर सरळ सूत्र ठोकत असू.

सरांच्या हाती आलेल्या पुस्तकाची धडगत नसे. पानापानांवर पेन्सिलीची आडवी रेघ आणि शेजारी शेरा, 'अशी गाडी नसते.' एका गणितातली आगगाडी उभ्याची भरधाव व्हायला डोळ्याचं पातं लवण्याइतकाच वेळ घेत होती. सर म्हणाले, "ह्या गाडीतल्या म्हाताऱ्याइच्या माना मोडल्या असत्या. पुढचं घ्या." मग तेवढ्यावर समाधान झालं नाही म्हणून एका रविवारी आम्हाला घेऊन ते छोट्या लाइनीच्या अरुंद रुळांपाशी गेले. गाडी इतवारी स्टेशनातून सुटली, धापा टाकत आमच्यासमोरून चालली, आणि आमच्यातल्या एकानं शेजारून पळत तिला बराच वेळ मागे ठेवलं. सर लहान मुलासारखे टाळ्या वाजवत होते. पुस्तक लिहिणारानं गाडी पाहिलेलीच नाही, असं त्यांनी त्या रुळांवर उभं राहून जाहीर केलं.

कॉलेजात याचा परिणाम व्हायचा तोच झाला. विभागप्रमुखांनी चाचणीसाठी काढलेलं एक गणित सरांनी वर्गातूनच परत पाठवलं. गणित खरोखर चुकलेलं होतं, म्हणून तर प्रमुखांना ते जास्त लागलं. चुकीचा आरोप माणूस विसरतो. सर ज्या पदावर लागले त्याच पदावर राहिले. खऱ्याला मरण नाही म्हणतात. बढतीही नसते, एवढं त्यात घालायला हवं.

या सगळ्यात सरांना पुरती समजणारी एकच व्यक्ती होती, त्यांची मुलगी कुंदा. ती आमच्याच वर्षाची. शिकवणीला बसे, पण आमच्यात नाही. आतल्या दाराच्या उंबऱ्यावर, मांडीवर निवडायची भाजी घेऊन. सर गणित वाचून संपवायच्या आत उंबऱ्यावरून आवाज येई, "बाबा, ही पोचत नाही." सर तपासत, आणि खरंच ती पोचत नसे. मग दोघं एकमेकांकडे बघून असे खूश होत, की आम्हाला आपण कुणाच्या तरी घरच्या जेवणात न बोलावता घुसल्यासारखं वाटे. कुंदाशी बोलताना सर छापील मराठी कधीच बोलत नसत.

कुंदाला इंजिनिअर व्हायचं होतं. त्या काळी इंजिनिअरिंगच्या जागा मोजक्या, मुली तर बोटांवर मोजाव्या इतक्या. बारावीचे मार्क हाच एक दरवाजा. घरात मात्र दुसरीच तयारी चालू होती. सरांच्या थोरल्या बहिणीनं उमरेडला एक मुलगा बघून ठेवला होता. घर चांगलं, मुलगा चांगला, फक्त त्यांना फार शिकलेली सून नको होती. सर बहिणीला आईच्या जागी मानत. त्यांनी तिला शब्द दिला, की कुंदाला जागा मिळाली तर शिकेल, नाही मिळाली तर येत्या हंगामात लग्न. कुंदाही हो म्हणाली. जागा मिळणार नाही असं दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं. खरं सांगायचं तर आमच्याही आलं नव्हतं.

फिजिक्सच्या पेपरात एक मोटार आली. सेकंदाला वीस मीटर वेगानं चाललेली मोटार ब्रेक लावल्यावर दहा सेकंदांत थांबते, आणि थांबेपर्यंत पन्नास मीटर जाते. वेग एकसारखा कमी होतो असं धरून तिचं मंदन, म्हणजे दर सेकंदाला वेग किती घटला ते, काढा. मी वेळेचं सूत्र घेतलं. उत्तर दोन आलं. खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या प्रश्नाला लागलो. माझ्या मागच्या मुलानं अंतराचं सूत्र घेतलं, त्याचं चार आलं. बाहेर आल्यावर आम्ही कॉलेजच्या आवारात या दोन-चारवरून हमरीतुमरीवर आलो होतो, तेव्हा कुंदा आली आणि म्हणाली, "दोन्ही चूक. मधला वेग दहा, वेळ दहा. शंभर मीटर जायला पाहिजे, पन्नास कशी जाईल?"

"मग तू काय लिहिलं?"

"लिहिलं, अशी मोटार नसते. का नसते ते पण लिहिलं, पानभर."

सर फाटकाशी उभे होते. त्यांना हे कळलं तेव्हा ते रस्त्यातच हसायला लागले. इतके हसले, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आम्हा सगळ्यांना ओढत त्यांनी कोपऱ्यावरच्या टपरीवर नेलं आणि तर्री-पोहे खाऊ घातले. प्लेट हातात घेऊन ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आज माही पोट्टी माह्या पुढं गेली गा." सरांना मी इतकं आनंदात त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतर पाहायचा प्रश्नच आला नाही.

सर तिथेच थांबले असते, तर ही नुसती एका विक्षिप्त मास्तरची गंमत राहिली असती. पण पोहे खाऊन हात धुता धुता त्यांच्या मनात आलं, की कुणाचं दोन आलंय, कुणाचं चार, आणि तपासणाऱ्याच्या हाती एकच उत्तर दिलेलं असणार. म्हणजे अर्ध्या पोरांचे मार्क विनाकारण जाणार. कुंदा त्यांना म्हणाली की राहू द्या बाबा, तपासणारा वाचेल. ते तिच्यावर जवळजवळ रागावलेच. तुझं भागलं म्हणून बाकीच्यांचं नुकसान काहून होऊ द्यायचं, असं त्यांनी तिला विचारलं. तिनं प्रश्नपत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनीच तिला असं वाढवलं होतं.

सरांनी गणिताची चूक नीट मांडून अर्ज लिहिला आणि परीक्षेच्या कचेरीत स्वतः नेऊन दिला. आणि नवल असं, की कचेरीनं तो मानला. चूक कबूल केली. आदेश निघाला, की ज्यांनी ज्यांनी हे गणित सोडवण्याचा प्रयत्न केला आहे त्यांना, उत्तर काहीही असो, पूर्ण मार्क द्यावेत. वस्तीत, कॉलेजात सरांचं नाव झालं. विभागप्रमुखांनीसुद्धा हात मिळवला. माझे वडील स्वतः येऊन सरांच्या पाया पडून गेले. सर सगळ्यांना सांगत होते, अर्ज मी दिला, चूक कुंदानं काढली.

निकाल लागला. मार्क पडताळून मागवले, तेव्हा कळलं, त्या प्रश्नात कुंदाला शून्य होतं.

सर कचेरीत गेले. मी त्यांच्यासोबत होतो. टेबलामागचे साहेब सज्जन होते, त्यांनी सरांना खुर्ची दिली, पाणी दिलं. म्हणाले, गुरुजी, तुमचे आमच्यावर उपकार आहेत. पण आदेशात प्रयत्न असा शब्द आहे. प्रयत्न म्हणजे सूत्र दिसलं पाहिजे, आकडे घातलेले दिसले पाहिजेत, काहीतरी उत्तर पाहिजे. तुमच्या मुलीनं सूत्र लिहिलं नाही, उत्तर दिलं नाही. तिनं प्रश्नावर भाष्य केलं आहे. तिनं ते सोडवलेलं नाही.

"साहेब," सर म्हणाले, "तिनंच तं सोडवलं."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांनाही ते पटलं असावं, पण पटून उपयोग नव्हता. आदेश त्यांनी काढला नव्हता, आणि निघालेला आदेश एका पोरीसाठी फिरत नसतो. बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी न सांगते तर बरं झालं असतं. अर्ज येण्याआधी तपासणाऱ्यांना जे उत्तर दिलेलं होतं ते चार होतं.

परत येताना सर सायकल हातात धरून चालत होते. मधेच त्यांनी मला विचारलं, "तुहं दोन आलं होतं ना?" मी हो म्हणालो. हिशेब सोपा होता आणि तो त्यांच्या डोक्यात केव्हाच झाला होता. अर्ज दिला नसता, तर दोनवाल्यांचे मार्क गेले असते. मी कुंदाच्या खाली राहिलो असतो, माझ्यासारखे बरेच राहिले असते. त्यांनी अर्ज दिला, आम्ही सगळे वर सरकलो, आणि ती जिथं होती तिथंच उभी राहिली. इंजिनिअरिंगची यादी लागली तेव्हा माझं नाव तळाशी का होईना, होतं. कुंदाचं नाव प्रतीक्षा यादीत होतं, आणि ती यादी त्या वर्षी हललीच नाही. माझ्या घरी पेढे वाटले. सरांच्या घरी पेढे द्यायला जायचा माझा धीर झाला नाही. आईनं नेऊन दिले. सरांनी खाल्लेही म्हणे.

त्या घरात पुढं काय झालं ते मला काकूंनी खूप नंतर सांगितलं. कुंदानं पुन्हा परीक्षेला बसू द्या म्हणून हट्ट धरला. एका वर्षाचा प्रश्न होता. आत्याला समजावता आलं असतं, ती काही वाघीण नव्हती. तिसऱ्या दिवशी जेवताना सरांनी कुंदाला विचारलं, "पुढच्या साली असंच गणित आलं तं काय करशीन?"

"तं असंच लिहीन ना बाबा," कुंदा म्हणाली.

सर ताटावरून उठले आणि त्याच दुपारी उमरेडला जाऊन तारीख पक्की करून आले. काकू म्हणाल्या, तिला शिकू द्यायचं नव्हतं म्हणून नाही रे बाबा. तिला तेवढं सूत्र लिही, पुढं जा, असं सांगायला त्यांची जीभ वळेना. आणि सांगितल्याशिवाय तिला पुन्हा तिथं पाठवायची हिंमत होईना. मला हे ऐकून सरांचा भयंकर राग आला. आजही येतो. ज्या माणसानं पडणाऱ्या खड्याची बाजू घेतली, त्याला पोटच्या पोरीची घेता येऊ नये? मग वाटतं, घेऊन घेऊन तो दमला होता. दमलेल्या माणसावर रागावून काय करायचं.

कुंदाचं लग्न झालं आणि सरांची शिकवणी जोरात चालायला लागली. यातलं एक दुसऱ्यामुळे झालं, असं मी म्हणत नाही, पण झालं एकापाठोपाठ एक. सर आता गणित वाचून थांबत नसत. दिलेलं काय, काढायचं काय, सूत्र कोणतं, आकडे टाका, उत्तराखाली दोन रेघा. गाडी चालवून पाहणं बंद. पुस्तकांतल्या पेन्सिलीच्या रेघा त्यांनी खोडरबरानं पुसून टाकल्या होत्या, हे मी पुढं स्वतः पाहिलं. पोरांना मार्क पडू लागले, पोरं वाढली, खोलीबाहेर बोळात चपलांचा ढीग दिसू लागला. घरातला माग थांबला होता, तो सरांनी दुसऱ्या रूपानं पुन्हा चालू केला होता. ज्या प्रमुखांनी त्यांना आयुष्यभर डावललं, त्यांनी आपला भाचा शिकवणीला पाठवला. कुणी 'वेगानं' म्हणालं तर सर आता नुसते हूं म्हणत.

मी कोराडीच्या कोळशावरच्या वीजकेंद्रात लागलो. नोकरी पक्की झाली तेव्हा मात्र मनाचा हिय्या करून सरांकडे गेलो, बसमधून उतरून कपड्यांवरची राख झटकत. शिकवणी चालू होती. सरांनी मला मागे बसायची खूण केली. फळ्यावर एका स्कूटरचं गणित होतं, कुठल्याशा छापील नोट्समधलं. थांबलेली स्कूटर निघते, अमुक वेळात अमुक वेग घेते, अमुक अंतर कापते. सर आकडे टाकत होते, पोरं भराभर उतरवून घेत होती. मी इंजिनिअर होतो, मीही फळ्याकडे बघत होतो, आणि मला त्यात काहीही खटकलं नाही.

कुंदा माहेरपणाला आली होती, हे मला माहीत नव्हतं. आतल्या दारात ती कडेवर मूल घेऊन उभी होती. अंगानं सुटलेली, डोक्यावरून पदर. ती थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिली आणि मग हळूच, जुन्या सवयीनं म्हणाली, "बाबा, ही पोचत नाही."

एक-दोन पोरांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. सरांनी मान वळवून त्या पोरांकडे पाहिलं, तिच्याकडे नाही. खडू फळ्यावर तसाच टेकलेला होता.

"तू आत जाय बाई," ते म्हणाले.

ती गेली. सरांनी उत्तर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि पुढचं गणित सांगायला घेतलं. आता मात्र मी तिथे बसून सरांच्या जुन्या रीतीनं ती स्कूटर चालवून पाहिली. कुंदाचं बरोबर होतं.

शिकवणी सुटली. पोरं चपला शोधत बोळातून गेली. सर खाली बसले, माझ्याकडची मिठाई घेतली, कोराडीचं विचारलं, पगाराचं विचारलं. माझ्याच्यानं राहवलं नाही. मी म्हणालो, "सर, ते गणित खरंच चुकलेलं होतं."

"माहीत आहे ना गा मले," सर म्हणाले. "ती बोलायच्या आधीपासून माहीत आहे."

"मग तिला आत का पाठवलंत?"

सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तसाच हातात धरून बसले. "दोन पोट्टे तिच्याकडं पाहून राहिले होते, दिसलं नाही तुले?" ते म्हणाले. "आणखी थोडी उभी राहिली असती, तं तेही खरं-खोटं पाहाले शिकले असते. मंग त्याइचं कसं झालं असतं?"